एका पातेल्याची बाजू

आमच्या कबनुरात माणसाला पक्ष बदलता येतो, पण मटणाची पद्धत बदलता येत नाही. मटण म्हणजे तांबडा, पांढरा आणि सुक्कं. पातेली तीन. त्यात कुणी घेवडा घालायची भाषा केली, की शेजारच्या इचलकरंजीतले माग थांबवून लोक बघायला येतील. "मटणात कडधान्य? ह्ये कसलं कोल्हापुरी?"

मी पडलो बी.कॉम. बँकेत जमा-नावे लिहिण्यात केस पिकले. तेव्हा भावना बाजूला ठेवून हिशेबच मांडतो.

पहिली बाब खर्चाची. मटणाचा दर आमच्याकडे किती नाजूक विषय आहे, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. दरवाढीविरुद्ध कोल्हापूरकरांनी चक्क आंदोलन केलं! आता अर्धा किलोत सहा माणसं बसवायची, तर पाहुण्याला नळी, पोरांना फोडी आणि शेवटी जेवणाऱ्या बाईला नुसता रस्सा. त्यात पाव किलो वाघ्या घेवडा पडला, तर तिच्याही ताटात काही घट्ट येतं.

कृती सोपी आहे. घेवडा रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात दहा मिनिटं खळाखळा उकळायचा. कच्चा राहिला तर पोट धरून बसावं लागतं. मग त्याच पातेल्यात हळद-मीठ लावलेलं मटण, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि वर्षाची घरची कांदा-लसूण चटणी. आच मंद. टोमॅटो मात्र अगदी शेवटी. आंबट आधी लागलं की घेवडा, टेबलावरचा कारकून जेवणाच्या सुट्टीआधी हलत नाही तसा, मऊ व्हायलाच तयार होत नाही.

दुसरी बाब परंपरेची. जिच्या जोरावर आपण मिशीला पीळ देतो ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. घेवडा आणि टोमॅटोही तिकडचेच. म्हणजे पातेल्यात सगळे एका गावचे. परका असलाच तर बकरा! तिकडे टेक्सासात गोमांस आणि मिरचीची 'चिली' एका भांड्यात शिजते. १९७७ साली ती राज्याचा अधिकृत पदार्थ ठरली. आणि तिथेही हेच भांडण: घेवडा घातला की ती खरी चिलीच नव्हे म्हणे! कोल्हापूरकर सगळीकडे असतात, एवढंच. इकडे दख्खनी मुसलमानांच्या घरचा दालचा घ्या, पारशांचं धानसाक घ्या. मटण आणि डाळ एकाच भांड्यात सुखाने नांदतात. धर्म कुणाचा बुडाला नाही.

तिसरी बाब मात्र खरी. रविवारी पुरुषमाणूस मटणाची पिशवी ओट्यावर ठेवतो, "जरा झणझणीत होऊ दे" म्हणतो, जेवतो आणि घोरतो. त्यानंतर तीन पातेल्यांच्या तळाला थिजलेली चरबी कोण खरवडतं? ते खातं कुणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं.

तेव्हा परंपरेच्या रक्षकांनो, तीन पातेली खुशाल चढवा. आमची हरकत नाही. फक्त उतरल्यावर घासायलाही तुम्हीच बसा. पुढच्या रविवारी घेवडा भिजत घालायची आठवण तुम्हीच द्याल.