शब्द, तह आणि तोफा

मराठीच्या मास्तराने दिवाळीच्या फराळाबरोबर चीनचा कायदा आणि मुत्सद्देगिरी वाढावी, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पण करणार काय? सारा जन्म शब्दांच्या संगतीत गेलेला. तहाची बातमी आली, की इतर मंडळी कोण जिंकले आणि कोण हरले ते पाहतात. मी तो तह कोणत्या भाषेत लिहिला आहे ते शोधतो. चीनच्या बाबतीत ही खोड फारच उपयोगी पडते.

या कथेचा आरंभ आपल्यालाही परका नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि त्या व्यापारावर मुंबईत कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. १८३९ साली लिन झेशू या करारी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. उत्तरादाखल इंग्रजांच्या युद्धनौका आल्या. १८४२ च्या नानजिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडावी लागली. दुसऱ्या युद्धात १८५८ चा तिआनजिनचा तह झाला, आणि माझ्यासारख्याचे डोळे तिथेच खिळतात. त्याच्या पन्नासाव्या कलमात म्हटले आहे, की दोन्ही भाषांतील मजकुरात फरक पडला तर इंग्रजी अर्थच खरा धरला जाईल. एक्कावन्नावे कलम त्याहून मौजेचे. इंग्रजांविषयी लिहिताना चिनी कागदपत्रांत 'यी' हे अक्षर वापरायचे नाही! इंग्रजांच्या मते त्याचा अर्थ 'रानटी'. बंदरे मिळाली, व्यापार मिळाला, तरी एक अक्षर काट्यासारखे सलत होते. शब्दांत काय आहे, असे विचारणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावे.

चिनी मुत्सद्दीही काही बावळट नव्हते. मार्टिन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने चिनी सहायकांच्या मदतीने व्हीटनचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथ चिनीत आणला. राजपुत्र गोंग याने त्याच्या छपाईला सरकारी मदत दिली. साल १८६४. प्रशिया आणि डेन्मार्क यांचे तेव्हा युद्ध चालू होते. प्रशियाच्या वकिलाच्या युद्धनौकेने चीनच्या किनाऱ्याजवळ तीन डॅनिश जहाजे पकडली. गोंगने त्याच ग्रंथाच्या आधाराने बजावले, की हे पाणी आमचे आहे, तुमचे भांडण इथे चालणार नाही. प्रशियाने मुकाट्याने जहाजे सोडली आणि भरपाईही दिली. ज्याच्यापाशी तोफा नाहीत, त्याला शब्दाने तारले.

या भाषांतरात एक अडचण आली होती. 'हक्क' या कल्पनेला चिनीत नेमका शब्दच नव्हता. भाषांतरकारांनी 'च्वान' आणि 'ली' ही अक्षरे जोडून तो बनवला. च्वान म्हणजे सत्ता, ली म्हणजे लाभ. आपला 'हक्क' अरबीतून आला आणि मुळात त्याचा संबंध सत्याशी आहे. आता सत्यातून निघालेला हक्क आणि सत्ता व लाभ यांतून निघालेला हक्क, यांचा स्वभाव एकच असेल काय? मला वाटते, शब्दाच्या कुळावरून माणसांचे वर्तन ठरत नाही. पण प्रश्न मनात राहतो.

पुढे दिवस पालटले. परकीयांना चीनच्या न्यायालयांपासून मिळालेली सूट ब्रिटन आणि अमेरिका यांनी १९४३ साली सोडून दिली. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर पहिली सही चीनची झाली, आणि सनदेतील चिनी मजकूर इंग्रजीच्या बरोबरीने प्रमाण ठरला. पन्नासाव्या कलमाचे पारणे फिटले! १९५४ च्या भारत-चीन करारात तर हिंदी, चिनी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांना समान मान होता. पंचशील त्याच्याच प्रस्तावनेत आहे. तो करार आठ वर्षांचा होता. १९६२ साली त्याची मुदत संपली, आणि त्याच वर्षी सरहद्दीवर काय घडले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. समान शब्दांनी समान मने होत नाहीत.

२००१ साली चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. सारे जग एक बाजार झाले आणि चीन त्यातला मोठा दुकानदार. मग फिलिपिन्सने दक्षिण चिनी समुद्राचा वाद लवादापुढे नेला. चीनचे म्हणणे, त्या पाण्यावर आमचे 'ऐतिहासिक हक्क' आहेत. शब्द तोच, च्वान-ली! १२ जुलै २०१६ रोजी लवादाने निकाल दिला, की नऊ तुटक रेघांच्या आतील अशा हक्कांना कायद्याचा आधार नाही. चीनने तो निकाल मानलाच नाही. केवळ चीनला बोल लावणे न्यायाचे नव्हे. अमेरिकेनेही १९८६ साली निकाराग्वाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल असाच झिडकारला होता.

तरी जीव हळहळतो तो राजपुत्र गोंगसाठी. पुस्तक हातात घेऊन, दुबळ्या देशाच्या किनाऱ्यावर उभे राहून, 'हे पाणी आमचे' असे त्याने सांगितले, आणि बलवानाने ऐकले. आज त्याच्या जागी फिलिपिन्सचे कोळी उभे आहेत, आणि ऐकायचे आहे ते गोंगच्या वारसांनी. कायद्याची गोडी दुर्बळाला लवकर लागते. ती बळ आल्यावरही टिकते की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावे. देशांनीही आणि, वाचकहो, घरातल्या कर्त्या माणसांनीही.