प्रोजेक्टच्या आदल्या रात्री कोड अडला तर

तासगावच्या द्राक्षबागेतली आर्द्रता मोजायची, म्हणजे डावणी रोगाचा धोका आधी कळेल. असा प्रोजेक्ट तुम्ही घेतलात, फार चांगलं केलंत. सेन्सर आणला, आर्डुइनोला जोडला, कोड चालला. आणि उद्या परीक्षक यायचे, तर आज आर्डुइनो आयडीईत खाली सगळी लाल अक्षरं.

घाबरू नका. बोर्ड जळला असेलच असं नाही. लाल अक्षरं बहुतेक वेळा कोड बोर्डात जायच्या आधीची असतात. नवा बोर्ड आणायला रात्री कऱ्हाडला किंवा सांगलीला पळू नका. घरच्यांचे पैसे उगाच जातील.

आधी कोडच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मगच हात लावा.

आता लाल मजकूर वरपर्यंत सरकवा. बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात. तिथे फक्त ‘जमलं नाही’ एवढंच असतं. खरं कारण पहिल्या चुकीत असतं.

‘मल्टिपल लायब्ररीज वेअर फाउंड’ असं कुठे दिसतंय का बघा. त्याखाली ‘यूज्ड’ आणि ‘नॉट यूज्ड’ असे दोन पत्ते असतात. म्हणजे एकाच नावाची फाईल दोन लायब्रऱ्यांत सापडली आणि संगणकाने त्यातली एक उचलली. आर्द्रतेच्या सेन्सरचं हेच होतं. ‘डीएचटी’ नावाची फाईल ॲडाफ्रूटच्या लायब्ररीत आहे, दुसऱ्या काही लायब्रऱ्यांतही असते. एकीतली आज्ञा दुसरीत असेलच असं नाही. तुमचा कोड एकीसाठी लिहिलेला, आणि उचलली गेली दुसरी.

डॉक्युमेंट्समध्ये आर्डुइनो, त्यात लायब्ररीज हे फोल्डर उघडा. नको असलेली लायब्ररी तिथून उचलून डेस्कटॉपवर ठेवा. पुसू नका. आणि तिथेच नाव बदलून ठेवू नका, नाव बदललं तरी ती सापडतेच. मग आयडीई बंद करून पुन्हा उघडा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही.

सीनियरचा जुना कोड घेतला असेल तर गोष्ट वेगळी. त्यात ‘स्टॅटिक जेसन बफर’ दिसलं, तर तो आर्डुइनो-जेसनच्या ५व्या आवृत्तीसाठी लिहिलेला आहे. ६व्या आवृत्तीत तो शब्द राहिला नाही. लायब्ररी मॅनेजरमध्ये नावाजवळ आवृत्त्यांची यादी असते. तिथून ५ने सुरू होणारी निवडा. वेळ हाताशी असेल तर कोडच नव्या पद्धतीने लिहा, ते जास्त चांगलं. पण आदल्या रात्री नको.

एक भांडण मात्र फोल्डर हलवून मिटत नाही. ऊनो बोर्डावर रिमोटची ‘आयआर-रिमोट’ लायब्ररी आणि बझर वाजवणारी ‘टोन’ ही आज्ञा, दोघांनाही एकच टायमर लागतो. मग ‘मल्टिपल डेफिनिशन’ येतं. कितीही वेळा लायब्ररी नव्याने घातली तरी तेच. अशा वेळी ‘टोन’ काढा. वीज मिळताच आपोआप वाजणारा ॲक्टिव्ह बझर लावा आणि साध्या ‘डिजिटल-राइट’ने चालू-बंद करा.

काहीच कळेना, तर फाईल मेनूतल्या एक्झाम्पल्समधून त्याच लायब्ररीचा नमुना चालवून बघा. तो चालला तर लायब्ररी ठीक आहे, चूक तुमच्या कोडमध्ये शोधा.

सुटलं की लगेच कोडच्या डोक्यावर कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती ते लिहा. ते लायब्ररीज फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या. उद्या कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर दुसरीच आवृत्ती असू शकते. परीक्षक येण्याआधी अर्धा तास जाऊन तिथे एकदा चालवून बघा.