आधी मजुरी, मग जकात

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की शिलाईच्या कारखान्यांत रात्रभर मशिनी चालतात. ईदचे कपडे वेळेत दुकानात पोहोचतात. शिवणाऱ्याचा हिशेब मात्र ‘ईद के बाद’. कारागीर थोडी उचल घेऊन गावची गाडी पकडतो. परत आला नाही तर बाकी बुडाली.

याच शेठकडे इफ्तारचा दस्तरखान मोठा असतो. काही जण तर त्याच कारागिराच्या हातात जकातीचे पाकीट ठेवतात. थकलेली मजुरी हे मालकावरचे कर्ज आहे, ते जकातीतून फिटत नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सगळ्यांनी ऐकलेली असते. काम पुरे करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, ही हदीस मात्र बयानात क्वचितच येते.

कारागिरांनीही सब्र म्हणून गप्प बसू नये. कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत आणि कामावरून काढल्यास कामाच्या दोन दिवसांत हिशेब मिळायला हवा. नगांची वही, मोबाइलवरचे मेसेज, उचलीच्या नोंदी जपा. आधी लेखी मागा. नाहीच दिले तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. जमातीतल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडावे, पण ‘ईदनंतर बघू’ म्हणून कारागिराचीच समजूत काढू नये. फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, हे शेठना पाठ आहे. त्याच वेळी वहीतली बाकीही देता येते.