शार्लोटची वाट मातीचीच राहू द्या

माथेरानच्या बाजारपेठेतून शार्लोट तलावाकडे जाणारी वाट गिर्यारोहकांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. दोर लागत नाही, दमछाक होत नाही, वाटाड्याही लागत नाही. जांभूळ-अंजनाच्या सावलीतून, लाल मातीवरून रमतगमत निघालेला माणूस पाण्यापाशी पोचतो, काठावरच्या पिसारनाथाच्या देवळात हात जोडतो, बांधावर टेकतो आणि वाटलंच तर झाडीतून पुढे एको पॉइंट किंवा लॉर्ड्‌स पॉइंट गाठतो. नशीब असेल तर एखादं शेकरू फांदीवरून फांदीवर जाताना दिसतं. आजी आणि नातू एकाच चालीने चालू शकतील अशा जंगलवाटा सह्याद्रीत फारशा नाहीत. मुंबई-पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येतं असं हे ठिकाण आहे, म्हणून तर या वाटेला जपायला हवं.

ही वाट आजवर टिकली ती माथेरानात मोटारीला मज्जाव आहे म्हणून. १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला, १९०७मध्ये नेरळहून छोटी गाडी आली, तरी मोटार मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबते. २००३मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा या जुन्या शहाणपणाला कायद्याचं बळ मिळालं.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढायची ही प्रथा कधीच जायला हवी होती. त्याच निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना परवानगी मिळाली, आतल्या रस्त्यांवर मात्र मिळाली नाही. ही विभागणी नेमकी आहे. आजारी माणसाला, शाळकरी मुलांना, सामानाला ई-रिक्षा हवी. तिला धड रस्ता हवा. तो मुख्य रस्ता झाला. तिथून पुढे पाय आहेत आणि माती आहे.

पण आपल्याकडे ‘मुख्य’ रस्त्याला फाटे फुटायला वेळ लागत नाही. आधी तलावापर्यंत ‘पर्यटकांच्या सोयीसाठी’, मग तलावाच्या कडेने ‘सुशोभीकरणासाठी’, मग रेलिंग, दिवे, सेल्फी पॉइंट आणि उद्घाटनाची पाटी. राज्यातल्या किती तलावांचं हेच झालं, हे वेगळं सांगायला नको. सोपी वाट आणखी सोपी करण्याच्या या हौसेत झाडांची मुळं ब्लॉकखाली जातात, पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं आणि ओल्या ब्लॉकवरून घोडेही घसरतात, माणसंही. शिवाय शार्लोट ही काही शोभेची वस्तू नाही. गावाला पिण्याचं पाणी देणारा तलाव आहे तो. भोवतालचं जंगल हे त्याचं पाणलोट आहे. तिथल्या जमिनीवर झाकण घालणं म्हणजे गावाच्या हंड्यावर घाव घालणं.

मातीच्या वाटेची अडचण खोटी नाही. पावसाळ्यात पाण्याचे लोट येतात, टापांनी सुटी झालेली माती उताराने निघून जाते, मुळं उघडी पडतात. उन्हाळ्यात तीच माती धूळ होऊन कपड्यांवर बसते. धूप थांबवायला हवी, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी सगळी वाट झाकायची गरज नसते. उतारावर ठरावीक अंतराने दगडाची आडवी ओळ घालून पाणी बाजूला काढायचं, कडेला सांडव्यासारखे चर ठेवायचे, खचलेल्या जागी जांभ्याच्या पायऱ्या बसवायच्या, दर पावसाळ्यानंतर गाळ उपसून पुन्हा माती भरायची. घोड्यांची आणि पायी चालणाऱ्यांची वाट जमेल तिथे वेगळी काढायची. हे काम स्थानिक हातांनी होतं आणि दरवर्षी करावं लागतं. नेमकी इथेच अडचण आहे: दरवर्षीच्या देखभालीला फीत कापता येत नाही, कंत्राटही लहान निघतं.

म्हणून मागणी साधी आहे. न्यायालयाने आखलेली रेघ नगरपरिषदेने, वनविभागाने आणि संवेदनशील क्षेत्राच्या संनियंत्रण समितीने तलावाच्या वाटेवर नकाशात आखून जाहीर करावी आणि या वाटेच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात दरवर्षी स्वतंत्र रक्कम ठेवावी. मोटारीच्या दारातून दिसणारे तलाव महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. महाबळेश्वरचा वेण्णा त्यातलाच. चालत गेल्यावरच भेटणारा एखादा तरी असू द्या. बुटाला लागलेली लाल धूळ झटकता येते. एकदा बसवलेले ब्लॉक कोणी उखडत नाही.