पालापाचोळा पेटवण्याआधी

मृगाच्या सरी येऊन गेल्या की गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत जिन्याच्या दिव्याजवळ तळहाताएवढा फिकट पोपटी पतंग बसलेला दिसू शकतो. मागे दोन लांब शेपट्या. पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : चावेल का? चावण्यासारखं तोंडच त्याला नसतं.

हा मून मॉथ, म्हणजे चांद्रपतंग. विदर्भात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवला जाणारा टसर रेशमाचा पतंग याच्याच कुळातला. या कुळात खाणंपिणं सगळं अळीच्या वयात उरकतं. पंख फुटल्यावर उरतो साधारण आठवडा. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. मादीचा गंध नर आपल्या पिसासारख्या मिशांनी दुरून टिपतो. शेपट्याही नुसत्या शोभेच्या नाहीत. अमेरिकेत याच्या ल्यूना या भाऊबंदावर झालेले प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वटवाघळांचे निम्म्याहून अधिक हल्ले शेपट्यांवर गेले आणि पतंगाचं धड वाचलं.

कोरडे महिने हे पतंग कोशात काढतात. ॲरिझोनाच्या वाळवंटातला कॅलेटा पतंगही असाच कोशात पावसाची वाट पाहतो. चांद्रपतंगाचा कोश पानांत गुंडाळलेला असतो. पान गळलं की त्याच्याबरोबर तोही जमिनीवर येऊ शकतो. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण पालापाचोळा गोळा करून काडी लावतो.

हे थांबायला हवं, आणि ते केवळ पतंगासाठी नाही. पाचोळ्याच्या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर जातात. दमेकऱ्यांना, लहान मुलांना आणि वृद्धांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो. बागेच्या कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग राहू द्या. त्याचं खत होईल आणि एखादा कोशही वाचेल.

दुसरी गोष्ट दिव्यांची. सुरक्षेसाठी दिवे हवेतच. पण रिकाम्या लॉनवर आणि गच्चीवर रात्रभर पांढरे झगझगीत दिवे कशासाठी? सात रात्रींच्या आयुष्यातल्या दोन-तीन दिव्याभोवती घिरट्या घालण्यात गेल्या, तर पुढची पिढी येणार कुठून? दिवा पिवळसर लावा, त्याचा झोत खाली वळवा, काम संपलं की बंद करा. वीजबिलही कमी येईल.

आणि जिन्यात पतंग दिसलाच, तर झाडू नको, फवारा नको. दिवा मालवा. अंधार झाला की तो आपल्या वाटेने जाईल.