दमण्याआधी थांबावे

सत्तरी ओलांडलेल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन बरीच वर्षे झाली. एप्रिलमध्ये सायंकाळच्या फेरीनंतर त्यांचे पाय अगदी लुळे पडले, तेव्हापासून व्यायाम बंद आहे. ‘चुकून दुखणे वाढले तर?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ही भीती जुनी आहे. या विकारात मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजते, आणि उघड्या पडलेल्या तंतूंना उष्णता सोसत नाही. शरीर किंचित तापले तरी पाय जड होतात, नजर धूसर होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये व्यायामानंतरची ही मंद दृष्टी नोंदवली होती. पुढे कित्येक दशके रुग्णांना विश्रांतीच सांगितली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेतील पेटाजन आणि सहकाऱ्यांनी पंधरा आठवड्यांच्या व्यायामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णांची ताकद व उमेद वाढली, विकार बळावला नाही.

तेव्हा ओळखावयाचे ते एवढेच: अंग थंडावल्यावर अशक्तपणा ओसरला, तर तो उष्णतेचा. नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्गही पाय असेच खचवतो. उतारवयात तो आधी तपासून घ्यावा.

फिजिओथेरपिस्टकडून एकदा चाल तपासून घेतल्यावर घरी आरंभ करता येतो. वेळ सकाळची, डोक्यावर पंखा, मानेवर ओला पंचा. सलग अर्ध्या तासाऐवजी दहा-दहा मिनिटे, मध्ये बैठक. भिंतीला टेकवलेल्या जड खुर्चीवरून पाच वेळा सावकाश उठणे-बसणे; ओट्याला धरून टाचा उचलणे. पोटऱ्या ताठत असतील तर बसून, पाय लांब करून, चवड्याला टॉवेल अडकवावा आणि झटका न देता अर्धा मिनिट ओढून धरावा. तोल सावरण्याचे व्यायाम मात्र एकट्याने मुळीच करू नयेत.

शुश्रूषा करणाऱ्यांची एक चूक घरोघरी दिसते: दंडाला धरून ओढणे. त्याने तोल सावरत नाही, उलट जातो. आपण अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहावे. कमरेला रुंद पट्टा बांधला असेल तर तो धरावा. काठी सशक्त बाजूच्या हातात द्यावी. अनेकांना हे उलटे वाटते, पण काठीने अशक्त पायावरचा भार हलका होतो तो असाच. आणखी एक: त्या स्वतः उठू शकत असतील तर आपण हात पुढे करण्याची घाई करू नये. हे फार अवघड जाते, हे मी जाणतो.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी फेरी पुन्हा सुरू करावी, मात्र सकाळी सहाला, पूर्वीच्या निम्म्या अंतराची, आणि वाटेत बसायला बाक असेल अशा रस्त्याने.