सैनिकाच्या खिशातील सुई

१ डिसेंबर २०१६ रोजी कुवेतमध्ये वादळी पाऊस झाला आणि दम लागलेल्या माणसांनी इस्पितळे भरून गेली. पाच जण दगावले. दहाच दिवस आधी मेलबर्नमध्येही असेच घडले होते. तेथे दहा जण गेले. वादळात परागकण ओले होऊन फुटतात व त्यांचा चुरा फुप्फुसात खोल शिरतो. अशा दम्याला पहिला उपाय सॅल्ब्युटामॉलचा पंप.

परंतु वाचकहो, श्वास कोंडण्याचा दुसरा एक प्रकार आहे, त्याला नुसता पंप पुरत नाही. शेंगदाणा, कोळंबी, मधमाशीचा डंख, पेनिसिलीन यांपैकी काही अंगाला वावडे असले, की काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, जीभ व घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. आपल्या घरांत अशा वेळी ॲलर्जीची गोळी देतात आणि ‘थोडे थांबून पाहू’ म्हणतात. गोळीने खाज कमी होते, घसा उघडत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रिनॅलिनच हवे, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत, ताबडतोब.

ते डॉक्टरानेच टोचावे, ही समजूत मला पटत नाही. १९९१ च्या युद्धात कुवेतसाठी लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांजवळ स्प्रिंगच्या सुया होत्या. विषारी वायू आलाच तर पँटवरूनच स्वतःच्या मांडीत अ‍ॅट्रोपिन टोचून घ्यायचे! याच जातीच्या लष्करी सुईवरून शेल्डन कॅप्लान या इंजिनियराने अ‍ॅड्रिनॅलिनचे पेन बनविले. १९८७ साली अमेरिकेत त्यास परवानगी मिळाली. रणांगणातल्या विशीच्या पोराला जे जमते, ते शाळेतल्या बाईंना, मुलाच्या आईला, मजुरांच्या मुकादमाला का जमू नये?

मोठ्यांचे पेन बहुधा ०.३ मिलिग्रॅमचे, लहान मुलांचे ०.१५ चे असते. पेन महाग आहे, सगळीकडे मिळतही नाही. पण साधी अ‍ॅम्प्यूल स्वस्त असते. ज्याला एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्याने आपल्या डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी आणि घरातल्या दोघांनी तरी टोचणे शिकून ठेवावे. मुलगा आखातात नोकरीला निघाला, तर लोणच्याच्या बरणीआधी हे सामान बॅगेत जावे. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत द्यावी. उन्हात तापलेल्या मोटारीत मात्र ते ठेवू नये, औषध बिघडते.

टोचल्यावर रोग्याला आडवे निजवावे. धाप असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा देतात. बरे वाटले तरी इस्पितळात न्यावेच, कारण काही तासांनी झटका पुन्हा उलटू शकतो.